मढला घराबाहेर कॅमेरा लावायचा आहे: वायरचा की वाय-फायचा?

शिंपला

मंडळी, सल्ला हवाय. आईबाबा मढला राहतात, मी गोरेगावात. घर बैठं, पुढे अंगण आणि गेट, मागे पत्र्याची शेड. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा जाळी, दोरखंड, आउटबोर्ड मोटर सगळं त्या शेडमध्ये येऊन पडतं. गेल्या बंदीत आमच्याच आळीत दोघांकडचा माल रातोरात गेला. पोलिसांनी आल्या आल्या विचारलं, कॅमेरा आहे का. कोणाकडेच नव्हता.

मला दोनच गोष्टी हव्यात. गेटमधून आत आलेल्याचा चेहरा ओळखू यावा, आणि रात्री शेडच्या दाराशी कोणी घुटमळलं तर मला फोनवर कळावं. घराच्या भिंतीपासून गेट साधारण ९ मीटर, मागच्या भिंतीपासून शेडचं दार ६ मीटर. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे साधा लोखंडी खिळासुद्धा पावसाळाभर टिकत नाही. राउटर पुढच्या खोलीत. बजेट फिटिंगसकट वीस हजार, फार तर थोडं वर.

दुकानदार म्हणतो, सोलरवाले वाय-फाय कॅमेरे चार घ्या, वायरिंगची कटकट नाही. घ्यावेत का?

उंडगा

कुत्रा पाळा. पासवर्ड लागत नाही.

शिंपला

आहे की. येईल त्याच्यापुढे शेपूट हलवतो. हातात मासळीची पिशवी असेल तर गेटपर्यंत पोचवायलाही जातो.

तारवाला

शिंपलाताई, सोलर अजिबात घेऊ नका. तुम्हाला कॅमेरा लागणार कधी? जून-जुलैत. मढला त्या दिवसांत सूर्य किती दिसतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

बॅटरीवाले कॅमेरे बॅटरी वाचवण्यासाठी बहुतेक वेळ झोपलेले असतात. आत पीआयआर सेन्सर असतो. माणसाच्या अंगाची उष्णता आणि मागची पार्श्वभूमी यांतला फरक त्याला जाणवला की तो कॅमेऱ्याला उठवतो. आता आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या, हवा तिशीच्या आसपास. फरक कमी, की सेन्सर मंद. आणि उठून रेकॉर्डिंग सुरू करेपर्यंत एखाद-दोन सेकंद जातातच. तेवढ्यात माणूस चौकटीतून निघून गेलेला असतो, तुमच्या हाती पाठ आणि चप्पल.

शिवाय शेड पत्र्याची. पत्र्यामागे वाय-फायचा सिग्नल मरतो. राउटर पुढच्या खोलीत, मध्ये दोन भिंती, वर पत्रा. दुकानात चालून दाखवेल, तुमच्याकडे 'डिव्हाइस ऑफलाइन' दाखवेल.

तुम्हाला दोन पीओई कॅमेरे पुरे. एकाच नेटवर्क केबलमधून वीजही जाते आणि चित्रही येतं. साध्या पीओईत स्विच प्रत्येक पोर्टला १५.४ वॉटपर्यंत देतो, साधा कॅमेरा त्याच्या आत भागतो. केबल १०० मीटरपर्यंत चालते, तुमच्या अख्ख्या घराला वेढा मारलात तरी तेवढी लागणार नाही. आत कपाटात ४ चॅनलचा पीओई एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, त्यात डिस्क. नेट बंद पडलं तरी रेकॉर्डिंग चालू.

पावटा

तारवाले, प्रत्येक धाग्यावर तुम्ही वायर घेऊन येता. मी दादरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीत प्लगवर चालणारा वाय-फाय कॅमेरा आहे, आत मेमरी कार्ड. बिल्डिंगसमोर गाडी लावतो, तिच्यावर लक्ष ठेवायला. बसवायला अर्धा तास लागला, मिस्त्री नाही, भिंतीत भोकं नाहीत. सगळ्यांनी घरात एनव्हीआर कशाला ठेवायचा?

तारवाला

तुमचा राउटर आणि कॅमेरा यांच्यात एक खिडकी आहे, काका. तिथे वाय-फाय चालेल, मी नाही कधी म्हटलं? फक्त स्वस्तातले बरेच कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि दादरच्या बिल्डिंगमध्ये त्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे वीसेक राउटर बडबडत असतात. संध्याकाळी सगळे घरी आले की चित्र अडकतं का बघा.

पावटा

अडकतं. पण मला वाटायचं नेटवाल्याची चूक.

फोटूवाला

वायर-बिनवायरच्या आधी लेन्स ठरवा. शिंपला यांनी अंतरं दिली आहेत, फार बरं झालं, बहुतेक लोक देत नाहीत.

दुकानात जो कॅमेरा समोर करतात त्याला २.८ मिमीची लेन्स असते. ती रुंद दाखवते, साधारण १०० अंश. बघताना छान वाटतं, अख्खं अंगण आलं, शेजारचा माडही आला. पण ९ मीटरवर ती २१ मीटर रुंदीचा पट्टा बघत असते. ४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र आडवं २५६० पिक्सेल. भागा. मीटरला १२० पिक्सेल.

सीसीटीव्हीसाठी युरोपात एक मानक आहे, ईएन ६२६७६-४. त्याच्या २०१५च्या आवृत्तीत अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर मीटरला २५० पिक्सेल धरले होते, आणि आधी पाहिलेला माणूस ओळखायचा तर १२५. म्हणजे गेटवर २.८ मिमी लावली तर तुमच्या ओळखीचा माणूससुद्धा जेमतेम कळेल. चोर तर नाहीच.

४ मिमी घेतली तर पट्टा १५ मीटरच्या आसपास, मीटरला १७०. तरी कमी. ६ मिमी घ्या. साधारण ५२ अंश, ९ मीटरवर पावणेनऊ मीटर रुंदी, मीटरला २९०. गेट आणि त्याच्या दोन्ही बाजूंची भिंत एवढंच दिसेल, पण चेहरा दिसेल. शेडकडे ६ मीटरच आहे आणि तिथे फक्त 'कोणीतरी आहे' एवढं कळायचंय, तर ४ मिमी भरपूर झाली.

८ मेगापिक्सेल घेऊन हे सुटतं असं दुकानदार सांगेल. दिवसा सुटतं. रात्री तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर दुप्पट ठिपके कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो.

शिंपला

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं! दुकानदार फक्त 'फुल एचडी आहे, झूम करा' म्हणत होता.

फोटूवाला

झूम केल्यावर चौकोन मोठे होतात, नाक-डोळे नवीन उगवत नाहीत.

आणखी एक. गेट कुठल्या दिशेला आहे? मढला पश्चिमेला समुद्र. गेट तिकडे असेल तर संध्याकाळी पाच ते सातमध्ये ऊन थेट भिंगात, आणि गेटमधून येणारा माणूस म्हणजे काळी सावली. डब्ल्यूडीआर (ऊन आणि सावली दोन्ही एकाच चित्रात सावरतो तो) असलेला घ्या, पण खोक्यावर 'डीडब्ल्यूडीआर' लिहिलेलं चालणार नाही, ते नुसतं सॉफ्टवेअरचं रंगकाम. १२० डीबी लिहिलेलं बघा.

शिंपला

पश्चिमेलाच आहे.

कांजूरकर

आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी, त्यामुळे कॅमेऱ्यांची वरात माझ्याच घरी येते. उंचीबद्दल लिहितो. फिटिंगवाले कॅमेरा पार छज्जाखाली, वर टांगतात, म्हणजे कोणाचा हात पोचू नये. मग दिसतात टोप्या, टक्कल आणि छत्र्या. पावसाळ्यात तर फक्त छत्र्या. अडीच ते तीन मीटरच्या मध्ये ठेवा. हात पोचण्याची भीती असेल तर दोन कॅमेरे एकमेकांकडे बघतील असे लावा, एकाला कोणी फडकं टाकलं तर ते दुसऱ्यात दिसेल.

दुसरं म्हणजे कोळी (मढचे नव्हेत, जाळं विणणारे. मढचेही जाळं विणतात म्हणा). रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांवर किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि बरोबर भिंगासमोर जाळं विणतो. रात्री दोन वाजता फोन वाजतो, 'हालचाल आढळली'. बघावं तर पांढरी दोरी हलतेय. आमचा वॉचमन आता दर रविवारी लांब दांड्याचा ब्रश फिरवतो. याच्यावर मला अजून दुसरा उपाय सापडलेला नाही.

डोम घेऊ नका बाहेर. त्याच्या प्लास्टिकच्या गोल झाकणावर थेंब बसतात, रात्री त्याच थेंबांवरून इन्फ्रारेड परत फिरतो आणि सगळं धुकं. टरेट म्हणजे डोळ्याच्या बुबुळासारखा दिसतो तो प्रकार बरा. बुलेट, म्हणजे नळीसारखा, तोही चालतो, पण त्याच्यावर कावळे बसतात.

मीठभाकरी

मी वर्सोव्याची, तुमच्या तरीच्या (फेरीबोटीच्या) अलीकडची, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याबद्दल अधिकाराने लिहिते.

खोक्यावर आयपी६६ किंवा आयपी६७ लिहिलेलं असतं. पहिला ६ धुळीसाठी. दुसरा आकडा पाण्यासाठी: ६ म्हणजे जोराचा फवारा सोसेल, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालेल. मिठाबद्दल त्यात काहीही नाही, हे लोक लक्षात घेत नाहीत. आणि तो आकडा कॅमेऱ्याच्या अंगाचा. मागून जी वीतभर शेपटी निघते, जिच्या टोकाला केबल जोडायची, ती उघडीच असते. माझ्याकडे फिटिंगवाल्याने त्या जोडावर काळी टेप गुंडाळली आणि वर 'मॅडम, वॉटरप्रूफ झालं' असं म्हणून पैसे घेऊन गेला. पावसाळा संपायच्या आत पितळी पिना हिरव्या. कॅमेरा ठणठणीत, जोड खलास.

तेव्हा कॅमेऱ्याखाली जंक्शन बॉक्स घ्याच. शेपटी आणि जोड दोन्ही त्याच्या पोटात. जोडावर कॅमेऱ्याबरोबर येणारी रबरी सील आणि टोपण लावायला सांगा. ते बहुतेक वेळा खोक्यातच राहून जातं, फिटिंगवाले लावत नाहीत. बॉक्सचं तोंड खाली, आणि तळाशी बारीकसं भोक असू द्या, आत जमलेला दमटपणा पाणी होऊन निघून जाईल.

केबल भिंतीत शिरायच्या आधी तिला खाली झोल द्या. पाणी तारेवरून ओघळत येतं, झोलाच्या तळाशी ठिबकून जातं, भिंतीत शिरत नाही. भिंतीचं भोक आतून बाहेर उताराचं पाडायला लावा. आणि स्क्रू एसएस ३१६ चे आणा, ३०४ चे नको. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेला जास्त टिकतं. कॅमेऱ्याबरोबर आलेले स्क्रू सरळ भंगारात टाका. लोहार चाळीत मिळतील, नाही तर जेट्टीवर होडीचं सामान विकणाऱ्याला विचारा, तुमच्या बाबांना माहीत असेलच.

शिंपला

बाबांना विचारलं. म्हणाले, होडीला लावतो तेच स्क्रू कॅमेऱ्याला लावू, त्यात विचारायचं काय. घरी डबाभर आहेत.

आजोबा_ऑनलाइन

खोटा कॅमेरा मिळतो पाचशे रुपयांत, लाल दिवा लुकलुकतो. चोर पळतो. सगळे खर्चात का पडताय?

तारवाला

आजोबा, खऱ्या कॅमेऱ्याला बहुतेक वेळा लुकलुकणारा लाल दिवा नसतो. चोराला हे दुकानदारापेक्षा जास्त माहीत असतं.

सनद_आहे

मी वकील, म्हणून कायद्याचं दोन शब्दांत (तसं कधी होत नाही).

स्वतःच्या आवारात, स्वतःच्या घराच्या सुरक्षेसाठी कॅमेरा लावायला परवाना लागत नाही. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ सुद्धा व्यक्तीने खाजगी किंवा घरगुती कामासाठी हाताळलेल्या माहितीला लागू नाही. मात्र कॅमेरा दुसऱ्याच्या दारात, खिडकीत, न्हाणीघराकडे डोकावत असेल तर गोष्ट वेगळी. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये सांगितलं. कलकत्ता उच्च न्यायालयापुढे एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांचं प्रकरण आलं होतं. दुसऱ्या सहनिवाशाच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असा निकाल लागला आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. स्त्रीचं खाजगी क्षणांत चित्रण झालं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे, आणि तिथे 'चुकून आलं' हे सिद्ध करता करता तुमच्या चपला झिजतील.

शिंपला, तुमच्या गेटच्या चौकटीत कोणाकोणाची दारं येतात?

शिंपला

समोरच्या काकूंचा ओटा येतो. दुपारी आळीतल्या बायका तिथे मासे साफ करायला बसतात, गप्पा असतात. आणि मागे, शेडच्या उजवीकडे, सामाईक नळ आहे. तिथे सकाळी कपडे, आंघोळीचं पाणी भरणं सगळं चालतं. आईने आधीच सांगितलंय, नळावर कॅमेरा आला तर मी काठीने पाडीन.

सनद_आहे

आई बरोबर बोलतात. मागचा कॅमेरा भिंतीच्या उजव्या टोकाला लावा आणि डावीकडे वळवा, म्हणजे नळ त्याच्या पाठीशी जाईल. उरलेलं सेटिंगमधल्या प्रायव्हसी मास्कने काळं करा. तो चौकोन रेकॉर्डिंगमध्येच काळा होतो, नंतर कोणाला उघडून बघता येत नाही. ओट्यावरही तोच टाका. आणि टाकलेला मास्क काकूंना फोनवर दाखवा. कागदोपत्री लागत नाही, पण आळीत लागतं.

गिरगावचा_चाळकरी

हे वाचून माझाच प्रश्न घुसवतो. आमची चाळ, तिसरा माळा, सामाईक गॅलरी. माझ्या दारावर कॅमेरा लावला तर पलीकडच्या पाच बिऱ्हाडांची ये-जा त्यात येते. एका बिऱ्हाडाने आतापासूनच भांडण काढलंय. सायकल गेली माझी, म्हणून लावायचाय.

कांजूरकर

सामाईक जागेत एकट्याने लावू नका. आमच्याकडे हे दोनदा झालं, म्हणून शेवटी सर्वसाधारण सभेत ठरावच केला: पॅसेज, जिना, लिफ्टसमोरची जागा इथे कॅमेरा सोसायटीचा, रेकॉर्डिंग सोसायटीच्या ऑफिसात, बघायचं तर लेखी अर्ज. घराच्या दारावर ज्याला लावायचाय त्याने स्वतःच्या उंबऱ्यापुरता, शेजाऱ्याचं दार उघडल्यावर आतलं दिसता कामा नये. चाळीत समिती असेल तर पाचही बिऱ्हाडांच्या सह्या घेऊन जिन्याच्या तोंडावर एकच लावा. तुमची सायकल जिन्यावरूनच खाली गेली ना? गॅलरीतून उडत तर नाही गेली.

पावटा

ब्रँडचं कोणी बोलतच नाही. सीपी प्लस, हिकव्हिजन, टापो, क्यूबो, काय घ्यायचं?

तारवाला

ब्रँडआधी शिक्का बघा. २०२४च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या सक्तीच्या अटी काढल्या आणि २०२५च्या ९ एप्रिलपासून त्या लागू झाल्या. कॅमेरा सहज फोडता येतो का, आतलं सॉफ्टवेअर बदलता येतं का, माहिती कुलूपबंद जाते का, याची चाचणी एसटीक्यूसीच्या, म्हणजे त्याच मंत्रालयाच्या तपासणी-प्रमाणपत्र खात्याच्या, मान्यतेने व्हावी लागते. प्रमाणपत्र मॉडेलला मिळतं, कंपनीला नाही. त्यामुळे 'सर, कंपनी सर्टिफाइड आहे' या वाक्याला काही अर्थ नाही. खोक्यावरचा मॉडेल नंबर घ्या आणि एसटीक्यूसीच्या यादीत ताडून बघा. लॅमिंग्टन रोडला कोणी 'जुना स्टॉक, अर्ध्या भावात' म्हणालं तर हा जुना स्टॉक म्हणजे कुठला, ते तुम्हाला आता कळेल.

दुसरं, ओनव्हीफ लिहिलेलं बघा. एका कंपनीचा कॅमेरा दुसरीच्या एनव्हीआरला त्यामुळे जोडता येतो. पुढे एकच कॅमेरा बदलायची वेळ आली तर सगळं काढून फेकावं लागत नाही.

केबल मात्र डोळ्यात तेल घालून घ्या. कॅट६, बाहेर लावायची, यूव्ही सोसणारी, आणि पूर्ण तांब्याची. स्वस्तात मिळते ती सीसीए, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. तुकडा कापून घ्या, आतली तार ब्लेडने खरवडा. आत पांढरट चकाकलं की परत द्या. त्या तारेचा रोध जास्त, वीज वाटेतच गळते, रात्री इन्फ्रारेड दिवे पेटले की कॅमेरा बंद-चालू, बंद-चालू करत बसतो. आणि ती ठिसूळ असते, खाऱ्या हवेत तर विचारूच नका.

शिंपला

डिस्क किती लागेल?

तारवाला

४ मेगापिक्सेल, एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), सेकंदाला सरासरी २ मेगाबिट धरा. दिवसाला एका कॅमेऱ्याचे २१.६ जीबी. दोघांचे ४३. १ टीबीत तीन आठवडे निघतात, मग जुनं पुसून त्यावरच नवीन लिहिलं जातं. पावसात, पानं हलत असताना फाइल फुगते, म्हणून दोन आठवडेच हिशेबात धरा. डिस्क सर्व्हेलन्सची मागा, कॉम्प्युटरची साधी नको, ती चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली नसते.

सनद_आहे

या दोन आठवड्यांमुळेच लोकांचं नुकसान होतं. चोरी झाली, तक्रार द्यायला आठवडा गेला, पोलीस बघायला येईपर्यंत त्यावर नवीन लिहून झालेलं. घटना घडली की त्याच दिवशी तो भाग एनव्हीआरमधून पेन ड्राइव्हवर काढा. टीव्हीसमोर मोबाइल धरून व्हिडिओ काढतात तसं नको. मूळ फाइल, जशी आहे तशी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक ज्याच्या ताब्यात यंत्र होतं त्याचं, दुसरं तज्ज्ञाचं, आणि त्यात फाइलचा हॅश आकडा लिहावा लागतो. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी तो आकडा बदलतो. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेली प्रत कोर्टात फार उपयोगाची नाही, व्हॉट्सअ‍ॅप ती दाबून बारीक करतं.

आणि घड्याळ! एनव्हीआरची वेळ भारतीय वेळेवर, नेटवरून आपोआप जुळणारी ठेवा. वेळ चुकीची असेल तर समोरचा वकील त्यावर अख्खी उलटतपासणी काढतो. मीही काढीन.

आजोबा_ऑनलाइन

आमच्या जावयाने कॅमेरा घेतला, पासवर्ड '१२३४५६' ठेवलाय. लक्षात राहतो म्हणे.

तारवाला

आजोबा, जावयांना हे वाचायला द्या. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने जगभरातले असेच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. काही फोडाफोडी नाही, कारखान्यातून आलेले पासवर्ड एकामागून एक टाकून बघितले, उघडले. त्याच कॅमेऱ्यांच्या फौजेने २१ ऑक्टोबरला एका मोठ्या डीएनएस कंपनीवर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी) हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांना तासन्‌तास उघडेनात.

पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला, फिटिंगवाल्यासमोर नाही, तो गेल्यावर. अ‍ॅपमध्ये दोन टप्प्यांचं लॉगिन असेल तर चालू करा. राउटरमध्ये यूपीएनपी बंद, ते उपकरणांना बाहेरच्या नेटसाठी आपोआप दार उघडून देतं. फिटिंगवाला पोर्ट फॉरवर्डिंग (तेच दार हाताने उघडणं) करून देतो म्हणाला तर नको म्हणा. फिटिंगवाल्याने सोयीसाठी स्वतःच्या फोनमध्ये तुमचा कॅमेरा जोडून ठेवलेला असतो, तो काढायला लावा.

मीठभाकरी

ते शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहा हो.

फोटूवाला

सेटिंगची दोन कामं, कोणी करत नाही. फ्लिकर ५० हर्ट्झवर ठेवा, आपली वीज ५० ची आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत ६० असतं, मग ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रात पट्टे फिरतात. आणि रात्रीचा शटर स्वयंचलित ठेवलात तर कॅमेरा उजेडासाठी तो मंद करतो, उभा माणूस स्वच्छ, चालणारा माणूस म्हणजे धुराचा लोट. १/५० च्या खाली जाऊ देऊ नका, चित्र थोडं काळपट आलं तरी चालेल. गेटवर साधा ९ वॉटचा एलईडी रात्रभर जळत ठेवला तर कुठल्याही महागड्या 'कलर नाइट'पेक्षा जास्त फायदा होतो.

शिंपला

काम झालं, मेच्या शेवटी. कळवते.

गेटला ६ मिमी, शेडला ४ मिमी, दोन्ही टरेट, दोन्ही ४ मेगापिक्सेलचे. एनव्हीआर आईच्या कपाटात, साड्यांखाली नको म्हणून वरच्या कप्प्यात, हवा लागायला हवी. तिथेच राउटरसाठी आणि एनव्हीआरसाठी छोटा यूपीएस. तो फालतू खर्च आहे असं बाबा म्हणत होते, मग त्यांना १२ ऑक्टोबर २०२०ची आठवण करून दिली, अख्ख्या मुंबईची वीज गेली होती तो दिवस. तेव्हा गप्प बसले. यूपीएसमुळे बजेट थोडं वर गेलं.

केबलचं रीळ दुकानातच ब्लेडने खरवडलं. पहिल्या दुकानात पांढरं निघालं. दुकानदार म्हणाला, 'मॅडम, सगळे हीच नेतात.' दुसऱ्या दुकानात लाल निघालं, तिथून घेतलं. जंक्शन बॉक्सचा विषय काढल्यावर फिटिंगवाल्याने तोंड वाकडं केलं, पण लावले. स्क्रू बाबांच्या डब्यातले. भोक उताराचं पाडायला बाबा स्वतः शिडीवर, खाली फिटिंगवाला टॉर्च धरून.

गेटच्या चित्रात ओटा काळा केलाय. काकूंना दाखवलं, तर त्या म्हणाल्या आमचा ओटा राहू दे, आमच्याकडचं कोणी उचलून नेलं तर? मग त्यांच्या घरात सगळ्यांशी बोलून फक्त रात्री ११ ते ५ मास्क काढता येतो का ते बघतेय. आमच्या मॉडेलमध्ये मास्कला वेळापत्रक नाही असं दिसतंय. कोणाला माहीत आहे का?

आणि एक अडचण. पहिल्याच पावसात शेडच्या कॅमेऱ्याने रात्रभर फोन वाजवला. माडाची झावळी आणि पागोळ्या.

कांजूरकर

'मोशन' बंद करा, 'ह्यूमन' चालू करा. मग चौकट शेडच्या दारापुरतीच आखा, झावळी आणि पागोळ्या बाहेर. संवेदनशीलता मधोमध. तरी पहिले काही दिवस थोडा वाजेल, मांजर आडवी गेली की वाजतोच.

तारवाला

मास्कचं वेळापत्रक फार थोड्या मॉडेलांत असतं. तुमच्यात नसेल तर काकूंना त्यांचा स्वतःचा कॅमेरा घ्यायला सांगा, तुमच्याच एनव्हीआरवर दोन चॅनल रिकामे आहेत. पण रेकॉर्डिंग कोण बघणार हे आधी ठरवा.

आणि सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा झटका अडवणारा, लावलात का? मोकळा किनारा, विजा पडतात. पीओई केबल बाहेरून आत येते तिथे लावा, अर्थिंग खरं असेल तरच त्याचा उपयोग. अर्थिंग तपासायला वायरमन बोलवा, बाबांना शिडीवर चढवू नका.

शिंपला

अर्थिंगचं उद्याच बघते. आणि बाबांना शिडीवर चढू नका हे तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाहीत.

मीठभाकरी

भिंग पुसताना कोरडं फडकं घासू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्याने ओलं करायचं, मग मऊ कापड. जुलैत आठवड्याला एकदा. रात्री चित्र पांढुरकं दिसायला लागलं की कॅमेरा बिघडला असं समजून फिटिंगवाल्याला बोलावू नका, तो व्हिजिटचे पैसे घेईल आणि हेच करील.

गिरगावचा_चाळकरी

आमच्याकडे पाचपैकी चार सह्या झाल्या. जिन्याच्या तोंडावर लावतोय. वीज जिन्याच्या दिव्यातून घेतली तर चालेल का?

कांजूरकर

तो सामाईक मीटर. पाचव्याला तेवढंच निमित्त पुरेल. स्वतःच्या मीटरवरून घ्या, नाहीतर ठरावात लिहून घ्या.